पंप वापरल्यावर तीन वेळा धुणे

आदिलाबाद
२९ जुलै

भीमपूर मंडलातल्या एकमेव सॉफ्टवेअर इंजिनिअर आणि गोठाप्रमुख सुनयनाबाई यांना नमस्कार, आणि नमस्काराच्या पाठोपाठ एक तक्रार.

काल मी तुला फोन केला. तो आधी तुझ्या सासूबाईंनी उचलला आणि मी लग्न कधी करणार ते विचारलं. मग तुझ्या दिराने घेतला आणि आदिलाबादला युरिया आला का ते विचारलं. मग तुझ्या नवऱ्याने घेतला आणि ठेवून दिला. तुझा फोन आहे की गावची चावडी? म्हणून हे पत्र. बासरच्या कॉलेजात शिकताना आपण एकमेकींचे प्रोग्राम कागदावर छापून पेन्सिलीने त्यांची चिरफाड करायचो, तेच परत करू. पाकीट तामसीवरून तुमच्याकडे येणाऱ्या बसच्या कंडक्टर मनकर्णाबाईंकडे देतेय. त्या फाट्यावरच्या चहावाल्याकडे ठेवतील.

आता ऐक. आमचं ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्या, सहा माणसं आणि मालक शरदचंद्र सर. आम्ही इथल्या एका शाळेचं सॉफ्टवेअर करतो. शाळेत अठरा तुकड्या, काही मराठी माध्यमाच्या, काही तेलुगू. सॉफ्टवेअरने प्रत्येक तुकडीच्या पालकांना त्यांच्या भाषेत सूचना पाठवायच्या, एवढं साधं काम. दोन आठवड्यांपूर्वी पाचवीच्या तेलुगू तुकडीला 'शनिवारी पालकसभा आहे' ही सूचना चक्क मराठीत गेली. त्यातले एक पालक टायरवाले. त्यांनी ती शेजारच्या बांगडीवाल्याला वाचायला दिली. तो बांगडीवाला वात्रट. त्याने वाचून सांगितलं की प्रत्येक पोरामागे एक नारळ मागवलाय. टायरवाल्यांनी प्रामाणिकपणे ते सगळ्या पालकांना कळवलं. शनिवारी सभेला पालक आले शून्य आणि नारळ आले एकतीस.

मुख्याध्यापिकाबाईंनी ते एकतीस नारळ रिक्षात घालून आमच्या ऑफिसला पाठवले. आठवडाभर आम्ही सगळे चटणी खातोय. पण शरदचंद्र सरांना हसू आलेलं नाही. तेलुगू तुकड्यांचा भाग भार्गवने गेल्याच महिन्यात लिहिला, त्यामुळे सरांनी सगळ्यांदेखत त्याला सांगितलं, "पोळ्यापर्यंत दुसरीकडे बघ." भार्गव आमच्यातला सगळ्यात मुखदुर्बळ माणूस. तो काही बोलत नाही, म्हणून सगळ्यांना तोच गुन्हेगार वाटतो.

मला त्याची दया येते, आणि चूक काही सापडत नाही. सोबत कागद जोडलेत. त्याचे चौदा आणि माझा एक. माझा आपला असाच, संदर्भाला. वरच्या 'शाळा' ऑब्जेक्टमध्ये मी सहा महिन्यांपूर्वी एक ओळ लिहिली होती, तिचा याच्याशी काही संबंध नाही.

तुझी,
अश्लेषा

———

गावाहून
२ ऑगस्ट

अश्लेषा मॅडम,

तुझे कागद मिळाले. चहावाल्याने त्यांवर कप ठेवला होता, पण वाचता आले. उत्तर लगेच देत नाही, आधी तुला थोडं तंगवते.

आमच्याकडे सध्या चटणीसुद्धा कोणाला गोड लागत नाहीये. माझा नवरा देवानंद आणि दीर गोपाल यांच्या वाटण्या गेल्या वर्षी झाल्या, हे तुला माहीत आहे. शेतं वेगळी, चुली वेगळ्या, पण सावड कायम ठेवली. म्हणजे बैल एकेकाचा एकेक, आणि दोघं मिळून जोडी. आमचा बैल तहसीलदार, गोपालभाऊजींचा कलेक्टर. विहीर एक, गोठा एक, आणि गोठ्यातल्या खुंटीवर फवारणीचा पंप एक. ज्याला लागेल त्याने न्यायचा, धुवायचा, परत खुंटीला लावायचा. धुवायचा नियम मीच केला. गोठ्याच्या भिंतीवर बैलांची शिंगं रंगवायच्या लाल रंगाने हातभर अक्षरांत लिहिलाय: 'पंप वापरल्यावर तीन वेळा धुणे. हुकमावरून.' आलागेला वाचतो, आणि देवानंद छाती फुगवून सांगतो, "आमची बायको शिकेल हाय, कोनाचं ऐकत नाही."

वीस जुलैला देवानंदने कपाशीवर तुडतुड्याचं औषध मारलं. आठ दिवसांत दोन एकरांतली पानं बदलली. कपाशीचं पान कसं पसरट असतं, ते लांबट, फाटकं, थेट भेंडीच्या पानासारखं झालं. कृषीवाल्या साहेबांनी नुसतं बघून सांगितलं, पंपात तणनाशक राहिलं होतं. ते औषध ज्वारीला चालतं, कपाशीला थेंबभरही चालत नाही. आणि ज्वारीवर ते मारलं होतं गोपालभाऊजींनी, जुलैच्या सुरुवातीला.

ते शपथ घेऊन सांगतात की पंप धुतला. देवानंद म्हणतो, बांधाच्या भांडणाचा डाव साधला. जूनमध्ये त्यांचं बांधावरून वाजलं होतं. तीस तारखेला भर गोठ्यात देवानंद म्हणाला, "तू भाऊ नाही, चोर हायेस." गोपालभाऊजी सरळ बैलाकडे वळले. कलेक्टरला सोडलं आणि गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला नेऊन बांधलं. तेव्हापासून दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. सासूबाई बयनाबाई दोन्ही चुलींवर जेवून दोघांना शिव्या घालतात.

माझ्यापुरतं म्हणशील तर मी मजेत. घरामागच्या वाटेवर गाजर गवत कमरेपर्यंत आलं होतं. उपटून उपटून हात खाजायचे. शेवटी सोळा जुलैला सगळे एका लग्नाला गेलेले बघून मी त्याचा समूळ नायनाट केला. आता वाट अशी स्वच्छ आहे की तू येशील तर चप्पल काढून चालशील.

आता तुझी चूक. हो, तुझीच. भार्गवचे चौदा कागद मी दोनदा वाचले, त्यांत काही नाही. तुझ्या एका कागदात सगळं आहे. 'शाळा' हा आई-ऑब्जेक्ट, अठरा तुकड्या ही त्याची पिल्लं. प्रत्येक पिल्लाला पत्र लिहायला लेखनिक लागतो. तू आईच्या घरात एकच लेखनिक तयार केलास आणि तोच अठराही पिल्लांच्या हाती दिलास. मराठी तुकडी येते, लेखनिकाला म्हणते 'मराठीत लिही', काम करून घेते आणि निघून जाते. लेखनिकाची भाषा मराठीच राहते. मागून भार्गवची तेलुगू तुकडी येते आणि नुसतं म्हणते 'लिही', कारण कोरा लेखनिक मुळात तेलुगूतच लिहितो. तो बिचारा लिहितो मराठीत. आधी सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या तुकड्या मराठीच होत्या म्हणून सहा महिने कोणाला कळलं नाही. भार्गवचा गुन्हा एवढाच की त्याला लेखनिक कोरा मिळेल असं वाटलं.

आमच्या खुंटीवरच्या पंपासारखंच आहे बघ. वापरणारे अनेक, वस्तू एक, आणि आधीच्याने आत काय ठेवलं ते पुढच्याला दिसत नाही. शरदचंद्र सरांना कधी सांगतेस?

तुझी,
सुनयना

———

आदिलाबाद
६ ऑगस्ट

सुनयना,

तुझं पत्र वाचून दोन दिवस तुझ्याशी मनातल्या मनात भांडले. मग कॉम्प्युटर उघडला. बाई, तुझंच बरोबर निघालं, आणि त्याचा मला भयंकर राग आला.

पण सांगायची घाई कशाला? मी गुपचूप दुरुस्त केलं. एका लेखनिकावरून भांडणं नकोत ना, मग प्रत्येक तुकडीला आपापला लेखनिक देऊन टाकला. अठरा पिल्लं, अठरा लेखनिक, मिटला तंटा. भाषा अगदी चोख आल्या. मी स्वतःला चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या कारकुनाचा फोन. लेखनिकाकडे जावक क्रमांक मोजायचंही काम होतं, हे मी विसरले होते. आता अठराही लेखनिकांनी आपापल्या घरी एकपासून मोजायला सुरुवात केली. शाळेतून एका दिवसात अठरा पत्रं गेली आणि सगळ्यांवर जावक क्रमांक एक. कारकून म्हणाले, "मॅडम, तीस वर्षांच्या नोकरीत माझं रजिस्टर असं कधी नासलं नव्हतं." त्यांचा आवाज खरंच भरून आला होता.

म्हणजे सगळं एकत्र ठेवलं तरी फसतं आणि सगळं वाटून टाकलं तरी फसतं. मग मी तेच केलं जे तुम्ही वाटणीच्या वेळी केलंत. काय सामाईक ठेवायचं आणि काय ज्याचं त्याच्याकडे द्यायचं, याची बसून यादी केली. क्रमांकाचं रजिस्टर सगळ्यांना मिळून एकच. ते आईने वरून द्यायचं, पिल्लांनी त्यातला पुढचा आकडा घ्यायचा, त्यात लुडबुड करायची नाही. भाषा मात्र ज्याची त्याच्याजवळ. आज सकाळपासून सुरळीत चाललंय.

भार्गवचं होईल काहीतरी. सर तापट आहेत, पण विसरतात लवकर. मला हाकललं तर बाबा मला लगेच त्या बँकवाल्या स्थळाला दाखवतील, ते स्थळ तू पाहिलेलं नाहीस. तू मला भित्री म्हणशील. म्हण.

आणि आता मी विचारते, तू उत्तर दे. गाजर गवत तू मारलंस कशाने? हाताने उपटून खाज सुटत होती असं तूच लिहिलंयस. मग ते सोळा तारखेला एका दिवसात समूळ कसं गेलं? सोळाला तू, वीसला देवानंदभाऊजी. मधे खुंटीवर पंप. तू माझा एक कागद वाचून मला पकडलंस, मी तुझा एक परिच्छेद वाचलाय.

अश्लेषा

———

गावाहून
९ ऑगस्ट

अश्लेषा,

तू तुझं रजिस्टर सांभाळ. ज्या मुलीला बासरला वांग्याचं रोप आणि मिरचीचं रोप यातला फरक कळत नव्हता, तिने मला शेती शिकवू नये.

घरामागची वाट म्हणजे शेत नव्हे. दोन टोपणं ते ज्वारीवालं औषध, अर्धा पंप पाणी, दहा मिनिटांचं काम. त्याला कोणी फवारणी म्हणत नाही. आणि पंप मी विसळला होता. विसळला असणार. त्या दिवशी लग्नाची मंडळी परत आली आणि चहा टाकायचा होता, तेवढं आठवतं.

नियम मी केलाय. तो मी मोडेन असं तुला वाटलंच कसं?

सुनयना

———

आदिलाबाद
१७ ऑगस्ट

सुनू,

तुझ्या पत्राला मी लगेच उत्तर दिलं नाही, कारण मला दुसरीकडे तोंड उघडायचं होतं. उघडलं.

झालं असं की मंगळवारी सरांनी भार्गवला विचारलं, "दुसरीकडे कुठे बघितलंस का?" तो म्हणाला, "बघतोय सर." एवढंच. आणि परत कामाला लागला, माझ्याच चुकीने नासलेलं जावक रजिस्टर निस्तरत होता बिचारा. मला अन्न गोड लागेना. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आठवीत गणिताला नापास झाले तेव्हासुद्धा नाही. मी सरांच्या खोलीत गेले आणि सांगितलं, ती ओळ माझी आहे.

सर बसल्या जागेवरून ओरडले, "भार्गव!" तो आला. सरांनी विचारलं, "ही म्हणते ओळ तिची. तुला माहीत होतं?" तो म्हणाला, "हो सर. कोणती ओळ कोणी, कधी लिहिली त्याची नोंद आपोआप राहते. पहिल्याच दिवशी बघितली." सर म्हणाले, "मग बोलला का नाहीस?" तर हा शहाणा म्हणतो, "तुम्ही कोणी केलं ते विचारलं नाहीत सर. दुसरीकडे बघ म्हणालात, म्हणून बघत होतो."

सुनू, तीन आठवडे तो माझ्या शेजारी बसून माझ्या डब्यातली नारळाची चटणी खात होता आणि त्याला सगळं माहीत होतं. मी त्याला विचारलं, का नाही सांगितलंस? तर म्हणाला, "तू सांगशील असं वाटलं." बस. यापेक्षा त्याने शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

त्याची नोकरी राहिली. माझीही राहिली, पण शिक्षा झाली. एकतीस पालकांना फोन करून तेलुगूत माफी मागायची. माझं तेलुगू तुला ठाऊक आहे. 'क्षमिंचंडी' म्हटलं की माझा कोश संपतो. टायरवाल्यांना मी तेवढंच चार वेळा म्हटलं. ते म्हणाले, "मॅडम, मराठीत बोला. बोलाले येते आमाले, वाचाले तेवढं येत नाही." मग आम्ही अर्धा तास बोललो. बांगडीवाल्याला ते अजून शोधतायत.

मी तुला काही सांगत नाही. फक्त आमच्याकडे नोंद आपोआप राहते, म्हणून मी आज ना उद्या पकडलीच गेले असते. तुझ्या खुंटीवर कसली नोंद राहत नाही. तुझ्यावाचून कोणालाही कधी कळणार नाही. तेव्हा तुझं काम माझ्यापेक्षा अवघड आहे, एवढं मला समजतं.

तुझी,
आशू

———

गावाहून
२७ ऑगस्ट

आशू,

नव्हता विसळला.

हे लिहायला मला दहा दिवस लागले. चहा टाकायला पळाले तेव्हा पंप तसाच खुंटीला लावला, औषध आत. संध्याकाळी धुऊ म्हटलं आणि विसरले. मला हे तुझं पत्र यायच्या आधीपासून माहीत होतं, पण मी ते स्वतःलाही कळू देत नव्हते. तुला जे खरमरीत लिहिलं त्याबद्दल कान पकडते. वांगं-मिरचीचं मात्र खरं आहे.

आता इथली गत ऐक. गोपालभाऊजींनी सावड मोडली. पोळा झाला की दुसऱ्याच दिवशी कलेक्टरला तामसीला सासुरवाडीला नेऊन ठेवणार, तिथे मेहुण्याच्या बैलाशी जोडी लावणार. देवानंद म्हणतो, ने. एका बैलाचं औत होत नाही हे दोघांनाही कळतं. शेतात डवरणी अडलीय, तण माजलंय, आणि दोघं आपापल्या बांधावर उभे राहून आभाळाकडे बघतात. सासूबाई काल म्हणाल्या, "म्या दोन पोरं जनले का दोन गोटे?" आणि चक्क रडल्या. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. सासरे गेले तेव्हाही त्या आधी गुरांना पाणी पाजून मग रडायला बसल्या होत्या, असं लोक सांगतात.

मी दोनदा तोंड उघडलं. एकदा देवानंद जेवत होता. म्हटलं, "ऐका ना, तो पंप..." तो म्हणाला, "तूच सांग. भिंतीवर एवढं लिहून ठेवलं तरी गोपाल धुत नाही. घरात अक्कल तुले एकटीलेच हाय." त्यावर मी त्याला आणखी भाकर वाढली. दुसऱ्यांदा गोपालभाऊजी विहिरीवर भेटले. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "वयनी, तुमी तरी मानता ना, म्या धुतला होता?" मी म्हटलं, "मानते." ते हसले. आशू, तो माणूस महिनाभरात पहिल्यांदा हसला आणि मी मुकाट्याने कळशी उचलून घरी आले.

मला कशाची भीती वाटते सांगू? मार-शिवीगाळ होणार नाही, देवानंद तसा नाही. पण या घरात मी सून म्हणून आले तेव्हा मला चुलीपुढे बसता येत नव्हतं, दूध काढता येत नव्हतं. माझ्याजवळ एकच गोष्ट होती, की शिकलेली आहे, हिचं चुकत नाही. भिंतीवर ते लिहिलं तेव्हा कुठे या घरात माझं काही चाललं. ते एकदा गेलं की माझं इथे काय उरतं?

पोळा दोन तारखेला आहे. काय करू ते सांगू नकोस. नुसतं लिही काहीतरी.

सुनू

———

आदिलाबाद
३० ऑगस्ट

सुनू,

नुसतं लिहिते.

आज पाकीट घ्यायला गेले तर मनकर्णाबाई तिकिटं फाडता फाडता म्हणाल्या, "त्या पोरीले म्हनाव, सांगून टाक. बैलं तुटतीन." मी थक्क. म्हणजे महिनाभर आपल्या पत्रांना तिसरी वाचक होती. मी रागावणार होते, पण माझं सतरा तारखेचं पाकीट त्यांच्या सुट्टीत दुसऱ्या कंडक्टरने नेलं होतं, म्हणून त्यांनी पुढे विचारलं, "त्या भार्गवचं काय झालं मंग? नोकरी राह्यली ना?" राहिली म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला.

तू विचारलंस, तिथे तुझं काय उरतं. मला वाटलं होतं माझ्या ऑफिसात माझं काही उरणार नाही. काल भार्गवने मला त्याचा नवा कागद तपासायला दिला. यापूर्वी तो मला कधीच काही दाखवत नसे. म्हणे, "चुकणाऱ्या माणसाला चूक लवकर दिसते." त्याने हे कौतुक म्हणून सांगितलं असावं, असं मी धरून चालते.

सोबत दोन बशा भरून नारळाची वडी होती. एक बशी मनकर्णाबाईंना वाचनाचा मेहनताना म्हणून दिली आहे.

आशू

———

गावाहून
४ सप्टेंबर

आशू आणि मनकर्णाबाई,

दोघींनाही एकदमच सांगते, म्हणजे एकीला पाकीट फोडायचे कष्ट नकोत.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. हळद आणि लोणी लावून चोळायचे आणि बैलाला म्हणायचं, 'आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.' दरवर्षी दोघं भाऊ एका जोडीला एका सुरात म्हणतात. यंदा एक भाऊ गोठ्याच्या या टोकाला तहसीलदारला घेऊन, दुसरा त्या टोकाला कलेक्टरला घेऊन, पाठीला पाठ. देवानंद म्हणाला, "आज आवतन घ्या." तिकडून गोपालभाऊजी त्याच्यापेक्षा मोठ्याने म्हणाले, "आज आवतन घ्या." मग हा आणखी मोठ्याने. तीन घरांपलीकडचे लोक ऐकायला बाहेर आले. बैलांना कोणाकडे जेवायला जायचं ते कळेना. तहसीलदारने मान वळवून कलेक्टरकडे बघितलं, आणि मला तेवढं बघवलं नाही.

तोंडाने सांगणं दोनदा जमलं नव्हतं. शिंगांच्या लाल रंगाचा डबा कोनाड्यात होता. तो घेतला, काडीला चिंधी गुंडाळली आणि भिंतीवर माझ्याच हुकमाखाली लिहायला लागले. मागून देवानंद म्हणाला, "काय लिहून राह्यली?" मी थांबले नाही, थांबले असते तर पळून गेले असते. गोपालभाऊजी पण आले. अक्षरं मोठी काढली, हुकमाएवढीच:

'१६ जुलै. सुनयनाने गाजर गवतावर मारला. धुतला नाही.'

कलेक्टर खुशाल रवंथ करत होता. मी वळले. देवानंद भिंतीकडे बघत होता, माझ्याकडे नाही. त्याचे कान लाल झाले होते. मी म्हटलं, "दोन एकर कपाशी माझ्यामुळे गेली. भाऊजींनी धुतला होता. विहिरीवर मी त्यांच्या तोंडावर मानते म्हटलं आणि तरी गप्प बसले." एवढं बोलले आणि ढसढसा रडले. हुकूम देणाऱ्या बाईचं नाक वाहताना बघायला त्या तीन घरांतली माणसं दारात होतीच.

पहिली बोलली ती सासू. "काऊन वो, तीन येळा धुवाचं तुनंच लिवलं, आन् तू एकडाव बी नाही?" मी मान हलवली. त्या म्हणाल्या, "बरं झालं. म्या म्हनो, ही पोरगी मानूस हाय का मास्तर?"

गोपालभाऊजी पुढे आले. त्यांनी माझ्या हातातली काडी घेतली. मला वाटलं, पुसणार. पण डब्यात बुडवून माझ्या ओळीखाली सावकाश, सातवीपर्यंत शिकलेल्या अक्षरात लिहिलं:

'२१ जून. गोपालने बांध कोरला. एक हात.'

आणि देवानंदकडे न बघता म्हणाले, "दादा, दीड हात आसन. मोजला नाही."

म्हणजे जूनमधलं भांडण खरं होतं! हा माणूस पंपाच्या बाबतीत धुतल्या तांदळासारखा आणि बांधाच्या बाबतीत नाही, आणि दोन्ही एकाच तोंडाने शपथेवर सांगत होता. मला रडता रडता हसू फुटलं. सासूबाईंनी लगेच आपलीही नोंद मागितली. त्यांना लिहिता येत नाही, म्हणून मी लिहिली: 'मागची दिवाळी. तूप मांजराने नाही, बयनाबाईने खाल्लं.' त्या मांजराला देवानंदने तेव्हा पोत्यात घालून शिवेबाहेर सोडलं होतं.

देवानंद मात्र तसाच घरात जाऊन पडला. जेवलाही नाही. सकाळी मी उठले तर अंथरूण रिकामं. मला वाटलं, संपलं, तहसीलदारला एकटाच घेऊन नदीवर गेला. गोठ्यात धावले. दोन्ही बैल नव्हते. भिंतीवर सगळ्यांत खाली, ओल्या रंगात, एक ओळ होती. देवानंद लिहायला बसला की दोन ओळींचा मजकूर एका ओळीत कोंबतो, तसंच:

'३० जुलै. देवानंदने सख्ख्या भावाले चोर म्हटलं. धुवाचं राह्यलं.'

नदीवर गेले तर दोघं भाऊ ढोपरभर पाण्यात, एक कलेक्टर घासतोय, एक तहसीलदार, आणि कोणाचा बैल जास्त मळका यावरून मनसोक्त भांडतायत. मला बघून देवानंद म्हणाला, "उभी काय राह्यली? शेपट्या तू धू. तीन येळा."

संध्याकाळी तोरणाखाली आमची जोडी जोडीनेच उभी राहिली. कलेक्टर तामसीला जात नाही. डवरणी उद्यापासून. कपाशीचे शेंडे कृषीवाल्या साहेबांच्या सांगण्यावरून खुडले होते, त्यांना नवी पानं फुटलीत आणि ती रुंद आहेत. मी रोज जाऊन एकेक पान तळहातावर घेऊन बघते.

आता गोठ्यात खुंट्या दोन आहेत. विहीर, बैल आणि भिंत सामाईक. तणनाशकाचा पंप वेगळा आणला, त्याला लाल पट्टा मारला, तो कपाशीच्या वाटेलाही जात नाही. तुझी यादी आम्हाला उपयोगी पडली असं भार्गवला सांग. आणि हुकमातला 'हुकमावरून' मी पुसला. बाकीचं राहू दिलं, कारण पंप धुवायचाच असतो.

गावातले लोक भिंत वाचायला येतात. काल पोलीस पाटील येऊन बराच वेळ उभे होते, मग म्हणाले, "पोरी, खाली जागा हाय का थोडी?"

तुझी,
सुनयना